दोष हवेचा की सांध्याचा?

जुन्या लढाऊ विमानांचा छंद असलेली माणसे जगभर आहेत आणि त्यांच्यात ब्रिटिश विमानांना विशेष मान आहे. स्पिटफायर, हरिकेन, वेलिंग्टन, मॉस्किटो ही नावे त्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असतात. कोणत्या विमानाला कोणते इंजिन होते, ते कोणत्या कारखान्यातून बाहेर पडले, त्याच्या अंगावर कोणता क्रमांक रंगवला होता, यांवर ही मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. त्यांची पुस्तके, सचित्र मासिके, जुळणीचे छोटे नमुने आणि आता चित्रफिती यांतून हा छंद आपल्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचतो. आठवी-नववीतल्या ज्या मुलाला गतीची समीकरणे पाठ होत नाहीत, त्याला स्पिटफायरचा कमाल वेग मात्र बिनचूक सांगता येतो, हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल.

भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. गोंदियाजवळच्या बिरसी येथील धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन ठेपल्यावर मध्य आणि पूर्व भारतात अशा धावपट्ट्यांचे जाळे उभे राहिले. धानाच्या बांध्यांच्या आणि मालगुजारी तलावांच्या या मुलखात इंग्लंडच्या युद्धाची एक खूण अशी शिल्लक आहे.

या छंदी मंडळींच्या लेखनाची येथे थोडी चिकित्सा करावी असा आमचा हेतू आहे. छंदाची टिंगल करणे हा हेतू नाही. उलट या मंडळींचे ऋण मोठे आहे, हे आधी नोंदवायला हवे. मॉस्किटोचे एक विमान न्यूझीलंडमध्ये नव्याने साचे तयार करून, लाकडी सांगाडा पुन्हा घडवून २०१२ साली आकाशात उडवले गेले. २०१७ साली इंग्लंडमधील छांदिष्टांच्या एका संस्थेच्या हाती या विमानाची युद्धकालीन वीस हजारांहून अधिक तांत्रिक रेखाटने आली. ती नष्ट होण्याच्या बेतात होती. एखादे यंत्र कसे बनवत होते हे ज्ञान कागदावर असते, तसेच हातांतही असते. हातांतले ज्ञान एका पिढीत नाहीसे होऊ शकते. ते जपणारी माणसे विज्ञानाच्या इतिहासाची सेवाच करत असतात.

तरीही या साहित्यात आम्हांला तीन उणिवा दिसतात. पहिल्या दोन थोडक्यात सांगतो. तिसरीसाठी एक पूर्ण प्रकरण उलगडावे लागेल.

पहिली उणीव म्हणजे आकड्यांची रेलचेल आणि कारणांचा दुष्काळ. वेलिंग्टन बाँबफेकी विमानाचा सांगाडा बार्न्स वॉलिस यांनी आखला. त्याचे वर्णन वाचताना पंखांची लांबी, वजन, बाँबचा भार हे सारे मिळते. पण हा सांगाडा बुरुडाच्या टोपलीसारखा तिरप्या पट्ट्यांच्या विणीचा होता, एक पट्टी तुटली तरी तिचा भार शेजारच्या पट्ट्या उचलत आणि म्हणूनच गोळ्यांनी चाळण झालेली ही विमाने परत येऊ शकत, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. खरे तर शिकवण्यासारखे तेच आहे. आठवडी बाजारातली बांबूची टोपली वर्गात आणा, तिची एक काडी कापा आणि ती तरीही का टिकते हे मुलांना विचारा. वेलिंग्टनचा अर्धा धडा तेथेच होतो.

दुसरी उणीव म्हणजे एका प्रतिभावंताची गोष्ट सांगण्याचा मोह. स्पिटफायर म्हणजे मिचेल, वेलिंग्टन म्हणजे वॉलिस, असे समीकरण होऊन बसते. मॉस्किटोचे भाग फर्निचरच्या कारखान्यांतील सुतारांनी आणि नव्याने शिकलेल्या स्त्रियांनी बनवले, हे तळटिपेत जाते. भारतीयांचा वाटा तर तळटिपेतही क्वचितच येतो. १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी कराचीला चार वापिती विमानांवर सुरू झाली. ती विमाने उडण्याजोगी ठेवणारे तंत्रज्ञ ‘हवाई सिपाही’ म्हणून ओळखले जात. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. युद्धकाळात तेथे दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती होत असे. ते काम करणाऱ्या हजारो हातांविषयी या साहित्यात फारसे काही सापडत नाही.

तिसरी उणीव आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. एखादे विमान का कोसळले याचे जे कारण एकदा छापले गेले, ते पुढच्या प्रत्येक पुस्तकात तपासणीशिवाय उतरत जाते. मॉस्किटो आणि भारतातील पावसाळा ही अशीच एक गोष्ट आहे.

मॉस्किटो प्रथम उडाले २५ नोव्हेंबर १९४० रोजी. ॲल्युमिनियमची टंचाई असताना द हॅव्हिलँड कंपनीने ते लाकडाचे केले. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा हातात घेतला तर त्याच्या रचनेची कल्पना येते. दोन बाजूंना पातळ कागद आणि मध्ये नागमोडी हलका थर असल्याने वजन कमी, पण वाकवायला कठीण. मॉस्किटोच्या धडात बाहेरून आणि आतून बर्च लाकडाचे पातळ प्लायवुड होते आणि मध्ये अतिशय हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा होता. शेंगेच्या दोन फाकांसारखे धडाचे दोन उभे अर्धे साच्यांवर वेगवेगळे बनत. आतली तारांची आणि नळ्यांची बरीचशी जोडणी उघड्या अर्ध्यांत होई आणि मग दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवले जात. वरून साध्या विणीचे ‘मादापोलम’ नावाचे सुती कापड ताणून चिकटवत. हे नाव आंध्रातील नरसापूरजवळच्या एका गावावरून पडले आहे. अशा विमानाने ताशी सहाशे किलोमीटरहून अधिक वेग गाठला. सर्व प्रकार मिळून सुमारे ७,८०० मॉस्किटो बांधली गेली.

या विमानात सारा भार अखेर सांध्यांवर येतो. खिळे आणि स्क्रू होते, पण ताकद सरसाची. आरंभी हा सरस केसीनचा होता, म्हणजे दुधातील प्रथिनाचा. दमट हवेत केसीनवर बुरशी वाढते आणि तो कमजोर होतो. पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम सरस वापरात आला. तो ओलाव्याला बराच अधिक दाद न देणारा होता.

१९४३ पासून ही विमाने भारतात येऊ लागली. त्या वर्षी सप्टेंबरअखेर कलकत्त्याजवळ डमडम येथे ६८४ क्रमांकाची छायाचित्रण तुकडी तयार झाली आणि तिच्याकडे मॉस्किटो होती. पुढील वर्षी बाँबफेकी तुकड्यांनाही ती मिळाली. १९४४ च्या उत्तरार्धात काही विमाने हवेतच मोडून पडली आणि त्यांतील वैमानिक मरण पावले. पंखांचा वरचा पृष्ठभाग स्पारपासून, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईपासून, सुटत असल्याचा संशय आला. नोव्हेंबरात प्रकरण चिघळले. कंपनीतर्फे मेजर हेरवर्ड द हॅव्हिलँड हे पथक घेऊन भारतात आले. कंपनीच्या संस्थापकांचे ते बंधू. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी दिलेल्या अहवालाचा सारांश असा, की सरस खराब झालेला नाही, पावसाळी हवेत लाकडी सांगाड्याच्या आकारमानात फरक पडल्याने अपघात झाले. थोडक्यात, दोष मुख्यतः हवामानाचा.

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. लाकूड हवेतील ओल शोषते आणि सोडते. आपल्याकडे मे महिन्यातील दुपारी सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, तर ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या वर राहते. त्यानुसार लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी बदलू शकते. एवढ्या बदलाने २० सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी रुंदीत साधारण ४ मिलिमीटरपर्यंत फुगते, पण दोन मीटर लांबीत तिची वाढ जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. श्रावणात दार चौकटीत अडकते ते रुंदीमुळे, उंचीमुळे नव्हे. प्लायवुडमध्ये लागोपाठचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसे फुगत नाही. आता असे प्लायवुड अखंड लाकडाच्या तुळईवर चिकटवले, की एक घटक फुगू पाहतो आणि दुसरा त्याला धरून ठेवतो. ओढाताण होते ती मधल्या सरसाच्या पातळ थराची. म्हणजे हवामानाचे कारण भौतिकीच्या दृष्टीने शक्य कोटीतले आहे.

पण शक्य असणे आणि खरे असणे यांत अंतर आहे. ते कसे मोजायचे? हवामान हेच कारण असेल, तर जी विमाने इंग्लंडबाहेर गेलीच नाहीत त्यांचे सांधे धड असले पाहिजेत. ही कसोटी प्रत्यक्ष लावली गेली. पुढच्या तपासणीत अपघातांचा दोष उत्पादनाकडे दाखवला गेला. इंग्लंडमधील डेफर्ड येथे विमान-उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने मॉस्किटोच्या सहा प्रकारांची विमाने तपासली, तेव्हा तसेच दोष तेथेही सापडले. या विमानांनी पावसाळा पाहिला नव्हता आणि त्यांना वाळवी लागलेली नव्हती. ती सर्व कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्ह्सडेन या दोन कारखान्यांत बनली होती. चिकटवण्याच्या कामाचा दर्जाच हवा तसा नव्हता, असा निष्कर्ष निघाला.

प्रयोगशाळेत ज्याला आपण तुलनेचा गट म्हणतो तो हाच. एका गटाला पावसाळा दिला, दुसऱ्याला दिला नाही आणि दोष दोन्हींत सारखाच आढळला, तर पावसाळ्याला एकमेव गुन्हेगार ठरवता येत नाही. तरीही हवाई मंत्रालयाने पहिल्याच अहवालाचा आधार घेऊन अपघात मुख्यतः हवामानामुळे झाले, ही भूमिका कायम ठेवली. विमानावरचा विश्वास डळमळू नये हा त्यामागचा हेतू होता. युद्धकाळातील ती गरज समजू शकते. पण युद्ध संपून आठ दशके लोटली. आज पुस्तक लिहिणाऱ्यावर तसे कोणतेच बंधन नाही. असे असूनही ‘उष्ण कटिबंधात मॉस्किटोचा सरस विरघळला’ हे वाक्य अजून भेटते. पहिल्या अहवालाचे म्हणणेसुद्धा ते नव्हते!

दुरुस्ती म्हणून पंखाच्या लांबीभर कातड्याच्या जोडावर प्लायवुडची पट्टी बसवण्यात आली, म्हणजे पाणी आत झिरपू नये. पट्टी उपयोगी पडली म्हणून हवामानाचे कारण सिद्ध झाले, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. सांधा मुळात कच्चा असला तरी पाणी अडवल्याने त्याचे आयुष्य वाढेलच. जो उपाय दोन्ही कारणांत लागू पडतो, तो त्या दोन कारणांमध्ये निवाडा करू शकत नाही. तापाची गोळी घेऊन ताप उतरला, म्हणून ताप मलेरियाचा होता की सर्दीचा हे ठरत नाही, तसेच हे.

याच कंपनीच्या व्हँपायर या जेट विमानाच्या धडाचा पुढचा भागही प्लायवुड आणि बाल्साचाच होता. ही विमाने १९४८ मध्ये भारतात आली, पुढे बंगळूरच्या कारखान्यात परवान्याने बनू लागली आणि १९६५ च्या युद्धातही उडाली. तोवर कृत्रिम सरस रुळला होता. व्हँपायरचे पंख धातूचे होते, त्यामुळे ही तुलना पूर्ण बरोबरीची नाही. परंतु चिकटवलेले लाकूड भारताच्या हवेत टिकूच शकत नाही, हे सरसकट विधान त्यापुढे उभे राहत नाही.

मग हवामान अगदी निर्दोष होते का? आमच्या मते प्रश्न असा ठेवणेच चुकीचे आहे. ‘हे की ते’ या घाटात बहुतेक खरी कारणे बसत नाहीत. इंग्लंडच्या थंड हवेत कसाबसा धरून राहिलेला कच्चा सांधा भारतात आधी निकामी होईल, हे तर्काला धरून आहे. पावसाळा हा परीक्षक असतो. अवघड प्रश्नपत्रिकेत विद्यार्थी नापास झाला, तर तयारी कशी होती हेही आपण विचारतोच ना? मॉस्किटोच्या कथेत सारा दोष प्रश्नपत्रिकेवर टाकण्यात आला.

वेड किती दूर नेऊ शकते याचे आणखी एक उदाहरण याच भागातले आहे. युद्ध संपताना ब्रह्मदेशात खोक्यांत भरलेली कोरी स्पिटफायर जमिनीत पुरली होती, असे इंग्लंडमधील एका विमानप्रेमी शेतकऱ्याने वर्षानुवर्षे सांगितले. २०१२ साली हा विषय दोन देशांच्या प्रमुखांच्या भेटीत निघाला. जानेवारी २०१३ मध्ये यांगोनच्या विमानतळावर पुरातत्त्वज्ञांसह खोदकाम झाले. एकही स्पिटफायर मिळाले नाही. कागदपत्रांतही तसा पुरावा मिळाला नाही. येथे छंदाने घेतलेले एक चांगले वळण मात्र सांगायला हवे. खोदून पाहिले गेले आणि काही नाही हे जाहीर केले गेले. ऐकीव गोष्ट तपासली जाणे आणि निकाल नकारार्थी आला तरी तो मान्य करणे हीच विज्ञानाची रीत. मॉस्किटोच्या सरसाची गोष्ट अशीच खणून पाहायला हवी होती.

आता वर्गाकडे वळू. शिक्षकांना यातून एक छान प्रयोग करता येईल. साय काढलेले दूध कोमट करून त्यात लिंबू पिळा. जमलेला चोथा गाळून, धुऊन, दाबून घ्या आणि त्यात थोडा खाण्याचा सोडा व पाणी घालून घोटा. हा झाला केसीनचा सरस. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचे वीस सांधे करा. प्रत्येकात दोन काड्यांची टोके सारख्याच लांबीपर्यंत एकमेकांवर चढवा. दहा सांधे नीट करा. त्यांच्या कडा घासून घ्या, सरस सगळीकडे लावा आणि रात्रभर ओझ्याखाली दाबून ठेवा. उरलेले दहा मुद्दाम हलगर्जीपणे करा. काडीला तेलाचे बोट लावा, सरस अपुरा लावा, दाब देऊ नका. दोन दिवस वाळल्यावर प्रत्येक प्रकारातले पाच सांधे कोरड्या डब्यात ठेवा आणि पाच ओले फडके घातलेल्या बंद डब्यात, फडक्याला न टेकवता. आठवड्याने प्रत्येक सांध्याला पिशवी टांगून तीत वाळू घालत जा. सांधा सुटेल तेव्हाचे वजन लिहा.

चार रकान्यांचे हे कोष्टक भरण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. हा भाग वगळू नये. ओलावाच सर्वस्वी जबाबदार असेल, तर ओल्या डब्यातले नीट आणि हलगर्जी सांधे सारख्याच वजनाला सुटतील. केवळ काम जबाबदार असेल, तर हलगर्जी सांधे कोरड्या डब्यातही तितकेच लवकर सुटतील. दोन्ही मिळून काम करत असतील, तर चौथ्या रकान्यातील घट पहिल्या दोन घटींच्या बेरजेपेक्षाही मोठी असू शकेल. कोष्टकात काय येईल हे आम्ही येथे सांगत नाही. भंडाऱ्यात जुलैत केलेला आणि एप्रिलमध्ये केलेला प्रयोग वेगळे उत्तर देईल, आणि ते का, यावर आणखी एक तास सहज रंगेल.

हा सगळा खटाटोप एका जुन्या विमानासाठी कशाला, असे विचारले जाईल. कारण असे, की दोष हवेवर टाकण्याची सवय १९४४ मध्ये संपली नाही. भंडाऱ्यात वर्षाला सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. तो दर वर्षी पडतो. तरी रस्ता उखडला की पाऊस जास्त झाला, वर्गखोलीचे छत गळले की पाऊस जास्त झाला, पुलाचा कठडा गेला की पाऊस जास्त झाला, असे उत्तर ऐकू येते. कधी ते खरेही असते. पण शेजारच्या गावातला त्याच वर्षी, तेवढ्याच पावसात बांधलेला रस्ता धड आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते खरे मानता येत नाही. डेफर्डच्या पथकाने नेमके हेच विचारले होते. उत्तर गैरसोयीचे निघाले म्हणून ते मागे ठेवले गेले. तोवर त्या विमानांत बसून माणसे उडतच होती.

विमानप्रेमींना आमची विनंती एवढीच, की इंजिनाच्या अश्वशक्तीला जेवढी जागा देता तेवढी सरसाच्या थरालाही द्या. अपघाताचे कारण लिहिताना ते कोणी शोधले, कोणाच्या वतीने शोधले आणि कशाशी ताडून पाहिले, हे तीन प्रश्न लिहिण्याआधी स्वतःला विचारा. आणि शिक्षकांना विनंती ही, की एखादा विद्यार्थी डोळे चमकवीत स्पिटफायरचा वेग सांगू लागला तर त्याला थांबवू नका. त्याचे सांगून झाले की विचारा, “बाळा, ते चिकटवले कशाने होते रे? की रिव्हेट मारले होते? आणि ते टिकेल हे कोणी तपासले?” पाठ केलेल्या आकड्याकडून अभ्यासाकडे जाणारी वाट अशाच प्रश्नांतून निघते.